वरच्या मजल्यावरची खिडकी

नाव साबिरा दिलावर मुलाणी, वय ६४, धंदा शिवणकाम, राहणार शिवरे, हायवेलगत भाड्याच्या खोलीत, ता. भोर, जि. पुणे.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा मतीन याच्यासोबत राहते. तो नसरापूरला रिक्षा चालवतो. माझे पती दिलावर गेल्या वर्षी वारले. ते जत्रांतून पेटी दाखवत. पेटीला पुढे मोठे भिंग, आत तिरका आरसा व जुन्या विलायती शहराचे छापील चित्र. नुसते पाहिले तर चित्र सपाट दिसते, भिंगातून रस्ता लांबवर आत जातो. चित्रातल्या खिडक्यांना बारीक भोके पाडून मागे पिवळा पातळ कागद लावलेला होता. मागे दिवा ठेवला की शहरात संध्याकाळ होई.

लग्नाच्या वर्षी पतींनी माझ्याच सुईने वरच्या मजल्यावरच्या एका अंधाऱ्या खिडकीला भोक पाडले व म्हणाले, "ही आपली खोली. हितं ऱ्हायचं." जन्मभर आम्ही भाड्याच्या खोल्या बदलल्या. त्या खोलीतून मात्र आम्हाला कोणी उठवले नाही. ते गेल्यापासून मी रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर मागे मोबाईलची बॅटरी ठेवून ती खिडकी पाहते. मला त्यांची फार आठवण येते.

काल पेटी उघडली असता आत चित्र नव्हते. जुन्या वस्तू घेणारा एक इसम मागे चित्र मागायला आला होता. त्याच्यावर संशय घेऊन मी चोरीची तक्रार दिली.

आज मतीन स्वतः चित्र घेऊन ठाण्यात आला. म्हणाला, "अम्मी, फाटत चाललं व्हतं. म्या लॅमिनेशन करून आणलं. भोकं दिसू न्हाईत म्हणून मागनं पुठ्ठा बी चिकटवून घेतला." रेशनकार्ड, बापाचा फोटो, सगळे त्याने असेच जपले आहे.

हवालदारांनी चित्रामागे बॅटरी धरून पाहिली. एकही खिडकी उजळली नाही. ते म्हणाले, "मावशी, टाचणी देऊ का? पुन्हा पाडा भोक." मी जागा दाखवली, टाचणी घेतली नाही. मतीन रडू लागला म्हणून त्याला चहा प्यायला पाठवले.

चित्र माझेच आहे. माझी कोणावर तक्रार नाही, त्या इसमावरचा संशयही मागे घेते. मात्र वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीत दिवा होता, एवढे लिहून घ्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. खिडकीचे मी पुन्हा वाचायला लावले. ते मी सांगितल्याप्रमाणे खरे आहे.