दिगूच्या वहीतलं ऑलिव्हचं झाड

मंडळी, वाचनालयाची ही खोली आज भरली आहे आणि मला तोंड उघडवत नाही. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पुढे जे काही वाचलं ते इथल्या कपाटातलं, दिगूने हातात ठेवलं म्हणून. तो दिगू मंगळवारी गेला. काय बोलायचं? पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

दिगंबर आपल्या जयगडचाच. उमेदीची सगळी वर्षं मस्कतच्या बंदरात गेली. तिथे गोदामावर लेबनॉनचा एक म्हातारा होता. त्याच्याकडून हा अरबी शिकला. आपले डोंगर सोडून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या अरब कवींच्या कविता वाचायला लागला. परत आल्यावर त्या मराठीत आणत बसायचा. मी विचारायचो, "काय असतं रे त्यात एवढं?"

"अण्णा, देश हा शब्द त्यात फारसा नसतो. झरा असतो, अंजीर असतं, आईच्या अंगणातली चिमणी असते. परक्या गावात कोणी ओळखत नाही ना, मग माणूस आपण कोण ते झाडांची नावं घेऊन सांगतो."

गेल्या वर्षी इथेच त्या कवितांचं वाचन ठेवलं. दिगूचा घसा तेव्हाच बिघडलेला, म्हणून मी वाचलं. एका कवितेत परदेशात म्हातारा झालेला माणूस घरामागच्या ऑलिव्हच्या झाडाशी बोलतो. मला वाटलं, आपल्या लोकांना ऑलिव्ह काय कळणार? वाचता वाचता मी तिथे आपला कोकमाचा रातांबा घातला. डोंगरावरचं बर्फ काढलं, कातळ घातला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. काहींनी डोळे पुसलेत. मी खूश.

घरी जाताना दिगू म्हणाला, "टाळ्या झकास पडल्या हो अण्णा. पण त्या माणसाकडे तेवढं एक झाड उरलं होतं. तेही तुम्ही काढून घेतलंत."

"अरे, लोकांना कळायला नको?"

"मला मस्कतमध्ये कळलंच ना? त्याचं झाड त्याचं होतं, म्हणून तर मला माझं आठवलं."

मंडळी, इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. म्हटलं, "मेल्या, तू ना धड इकडचा राहिलास, ना तिकडचा." चेष्टेत म्हटलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. चेष्टेत म्हटलं नव्हतं.

तो थांबला. "खरं आहे," म्हणाला, आणि गल्लीत वळला. पुन्हा माझ्या ओट्यावर आला नाही. मीही गेलो नाही. ज्याने सगळी उमर गावाच्या आठवणीवर काढली, त्याला गावातल्याच माणसाने परका ठरवलं. तो माणूस मी.

आजार वाढल्याचं कळलं तेव्हा एकदा गेलो. फाटकापर्यंत. आतून खोकला ऐकू येत होता. म्हटलं, जरा बरं वाटू दे, मग नीट बोलू. आणि मागे फिरलो. त्याला बरं वाटायचं नव्हतंच. ते मला ठाऊक होतं.

दिगू, चुकलो रे. तुझ्या खाटेशी बसून म्हणायचं ते माइकवर म्हणतोय. आता त्याचा उपयोग नाही, कळतंय मला.

वहिनींनी सकाळी त्याची कवितांची वही वाचायला म्हणून माझ्यापुढे धरली. मी नाही म्हटलं. ती ऑलिव्हची कविता त्याची मुलगी मेधा वाचेल, त्याने लिहिलंय तसंच, एकही शब्द न हलवता. एखादी ओळ कळली नाही तरी ऐका. वाचून झालं की सगळे उभे राहू आणि गप्प राहू. मला आज तेवढंच जमेल.