मैत्रीचा अल्बम

राजापेठेतल्या फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. माझ्यापुढे एक म्हातारे सासरे आणि त्यांची सून उभी होती.

"आठ बाय बारा काहून सांगून राहिली, पायल? चार बाय सहाच काढ."

"मैत्रीले बापाचा चेहरा नीट दिसाले पायजे, मामाजी. ते गेले तवा दीड वर्साची होती. तिले काईच आठवत नाई."

"हातात घेऊन पाहीन ते पोरगी. मोठा फोटो भिंतीवर लावा लागते. अचलपूरले तुया नव्या सासरी आता माया धर्मेंद्रले कायले टांगतं?"

"नवे मालक नाई म्हणत नाईत. मी इचारलं त्याइले."

"चांगला माणूस हाय. म्हणूनच त्याच्या भिंती त्याले राहू दे."

"कागद कोणता लावू? चकचकीत का मॅट?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

"मॅट. लेकरू हात लावीन, बोटं उमटतात," सासरे म्हणाले.

"अन् लग्नातले किती काढू, काका?"

"लग्नातले नको. ते आमच्या घरी राहतीन. मैत्रीले कडेवर घेतलेले समदे काढा."

"मामाजी, तुमचा अन् आत्याबाईचा एक पायजे."

"आमचा कायले? आमी जित्ते आहो अजून."

"सुट्टीत कोनाच्या घरी जाचं हाय, ते तिले माईत पायजे ना."



"काढून घ्या ना आत्ताच," स्टुडिओवाला म्हणाला. "बसा स्टुलावर."

"आज नको. उद्या तिच्या आजीले घेऊन येतो. मले एकट्याले नका काढू."