कडी लावून गेलेला बिबट्या

दि. २५/०४/२०२५

मी, डॉमनिक अंतोन घोन्सालवीस, वय ५३ वर्षे, धंदा शेती व वरातीला घोडी देणे, रा. उत्तन, भाईंदर पश्चिम, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी टेरेझा व बिजली नावाची घोडी असे राहतो. कुंपणापलीकडे पूर्वी भातखाचरं होती. चार वर्षांपूर्वी तिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारा एक फार्म आला. आता तीन आहेत. फाटकावर 'थरोब्रेड' वाचून टेरेझा बोलली, "बरा झाला, बेकरी आली." पाव न्हाय, घोडे निघाले. प्रत्येकाच्या बापजाद्यांचे कागद आहेत. गावात तेवढे कागद असलेला माणूस एकही नाही.

गेल्या मे महिन्यात लगतच्या पहिल्या फार्मचा तांबडा घोडा कुंपण मोडून माझ्या आवारात शिरला व तासभर थांबला. तक्रार केली तेव्हा फार्मचे मॅनेजर शशिकांत साहेब म्हणाले, "डॉमनिकभाऊ, आमच्या घोड्याचं सगळं अपॉइंटमेंटने होतं. तो असलं काही करत नाही." मी मोडलेलं कुंपण बांधून घेतलं.

दि. १३ एप्रिल, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, बिजली व्याली. शिंगरू तांबडं, कपाळावर पांढरा टिळा, मागचा डावा पाय पांढरा. फार्मवरही त्याच सुमारास टिळ्याचं तांबडं शिंगरू झालं होतं. शशिकांत साहेब आमचं बघायला आले. टेरेझाच्या हातचा चहा प्याले. पाय दोनदा वाकून बघितला. मला वाटलं, व्याह्याचं प्रेम.

दि. २१ रोजी दुपारी फार्मवर जेसीबीने खड्डा खणला व लगेच बुजवला. त्यांच्याकडे घोडे सांभाळणाऱ्या रामूला विचारलं. तो बोलला, "कुछ नहीं अंकल, कचरा है." कचऱ्यावर त्याने जास्वंदीची चार फुलं ठेवली होती.

दि. २२ रोजी सकाळी आम्ही दोघं बाजारात गेलो असता तबेल्यातून शिंगरू गेलं. शशिकांत साहेब म्हणाले, "बिबट्याने नेलं असणार." रक्ताचा थेंब नव्हता. दाराची कडी बाहेरून नीट लावलेली होती. इतका शिस्तीचा बिबट्या आमच्याकडे पूर्वी आलेला नाही.

त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडे टिळ्याचं तांबडं शिंगरू दिसलं. मी हे माझं म्हणताच शशिकांत साहेबांनी त्यांच्या शिंगराचा कागद आणला. त्यावर मागचा उजवा पाय पांढरा लिहिला आहे. मी म्हटलं, "साहेब, हा डावा हाय." ते म्हणाले, "समोर उभं राहून बघा, उजवाच दिसतो." जन्मतारीख विचारली तर म्हणाले, आमच्यात सगळ्यांचं वय एक जानेवारीपासूनच धरतात. याला माझी हरकत नाही. आमच्या मास्तरांनीही निम्मं गाव एक जूनला जन्माला घातलंय. पण पाय त्यांनी कुणाचे बदलले नव्हते.

येत्या रविवारी सकाळी ते शिंगरू ट्रकने पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जाणार, असं रामूकडून कळलं. एकदा गेलं की ते कागदावरचंच होणार. म्हणून ट्रक थांबवावा आणि शिंगराचं रक्त बिजलीच्या रक्ताशी जुळवून बघावं, ही विनंती.

इथे माझ्याकडे घोडीचे कागद मागितले. ते नाहीत. पलीकडून शिंगरू ओरडलं की तिला पान्हा फुटतो व दूध जमिनीवर गळतं. आज चौथा दिवस. त्याचा पंचनामा करता येत असल्यास करावा.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात हवालदार साहेबांनी 'शिंगरू बेपत्ता' असं लिहिलं होतं. ते बेपत्ता नाही, पत्ता मी वर दिला आहे. तेवढा शब्द माझ्यासमोर खोडला. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष सही,
डॉमनिक अं. घोन्सालवीस