मुलींची लस
दवाखान्यात लसीच्या खोलीबाहेर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आलेल्या एक शिक्षिका पुस्तक वाचत बसल्या होत्या. मागच्या बाकावर टेम्पोचालक बाप आणि कॉलेजातला मुलगा हुज्जत घालत होते. बाईंनी मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

"ऊठ, घरी चल. ही मुलींची लस. लोक हसतील."

"हसू देत. ही लस ज्या विषाणूवर आहे, त्याने पुरुषांनाही घशाचा कॅन्सर होतो, बाबा."

"तुला काय धाड भरलीय? चांगला ठणठणीत आहेस."

"आईही ठणठणीतच होती."

"तिचं नाव इथे काढू नकोस."

"काढणार. तिच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या उपचारात आपले दोन्ही टेम्पो गेले, आणि तीही गेली. आज तुम्ही दुसऱ्याची गाडी चालवता. त्यापुढे या लसीचा खर्च म्हणजे दर्यात खसखस."

"पैशाचं नाही रे. तो बायकांचा आजार. आपला काय संबंध?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाईला तो विषाणू बहुतेकदा पुरुषाकडूनच मिळतो. पुरुषाला पत्ताही नसतो."

बाईंच्या हातातलं पान बराच वेळ उलटलं नाही.

"म्हणजे तू मला..."

"मी तुम्हाला काहीच विचारत नाही, बाबा. उद्या माझ्या मुलांच्या आईला माझ्यामुळे हे व्हायला नको, एवढंच. तुम्ही खुशाल जा. मी लस घेतल्याशिवाय इथून हलणार नाही."

दार उघडलं. नर्सने विचारलं, "पुढचा कोण? सोबत कुणी आहे का?"

मुलगा उठून दाराकडे निघाला.

"आहे ना," मागून घोगरा आवाज आला. "मी बाप त्याचा."