ट्रालीखालचा झोका

पोरगा ट्रालीखाली आहे, पोरगा ट्रालीखाली आहे, असं मी बोंबलून राह्यली होती बाई, आन तो हिरव्या कपड्यातला पोट्टा ट्रॅक्टरवर डिझल ओतूनच राह्यला होता, जसं त्याले आयकूच नाई येत, आन मी उठाले गेली तं मांगून बंदुकीचा दस्ता बसला इथी, ह्या उजव्या खांद्यावर, पाहा, हात अजून वर नाई जात. समदे मजूर मुंडकं खाली घालून लायनीत बसवले होते. झोका हालत होता. लेकरू जागं झालं होतं, पाय दिसत होता त्याचा जाळ्यातून, एवढासा.

काय सांगू तुमाले, कुठून सांगू. नाव नका लिहू माहं. गावाचंबी नका लिहू.

मी सावली तालुक्याकडची, ढिवराची पोर. बाप वैनगंगेत जाळं टाके, तलावात शिंगाडे लावे. पाचवी शिकली मी, मंग लहान भाऊ झाला तं त्याले धराले घरी बसली. गुरुजी भितीवर नकाशा लावे, म्हने हा आपला देश, लय मोठा, लय गरम, लय पिकते, जमिनीत कुठी लोखंड, कुठी कोळसा, आन आपला जिल्हा कोनता तं हा हिरवा. मी इचारलं, गुरुजी, यात रस्ता काऊन नाई? समदे हासले. गुरुजी म्हने, तू कर मोठी झाली की. तं केला ना बाई. टोपल्यानं मुरूम वाहून केला.

लगन गडचिरोलीच्याबी अंदर, जंगलात दिलं. तिथीबी आमचे लोक आहेत, तलावावर जगते, बाकी गाव गोंडाचं. पहिलं बाळतपन अडलं माहं, खाटेवर टाकून नेत होते, नाल्याले पूर, अलीकडंच बसून राह्यलो, पोरगी पोटातच गेली. म्हनून रस्ता निघाला तं मी खुश. जंगलवाल्याईनं गावात येऊन सांगतलं होतं, कामावर कोनी जायचं नाई, ह्या रस्त्यानं पोलिस येईन, ह्या रस्त्यानं तुमचा बांबू जाईन, पहाडातलं लोखंड जाईन, तुमी राहसान पाहत. खोटं होतं काय? मले नाई समजत. मले तं त्या रस्त्यानं दवाखानाच दिसे.

मेट माहे भासरेच होते, नवऱ्याचे मोठे भाऊ. मजूर आनायचे, कामावर उभं राहायचे, ठेकेदाराचा मानूस म्हना. आमच्यात भासऱ्यासमोर बाई तोंड दाखवत नाई, बोलत नाई, त्याच्या सावलीवर पाय देत नाई. लगनापासून त्याईचं तोंड मी नीट पाह्यलं नवतं, त्याईनं माहं नाई. कामावर पदर कंबरेले खोचावा लागे, टोपलं उचलाले, तं ते दुरूनच खाकरत, मोठ्यानं, मंग मी पदर घेओ. बाया चिडवत, आला वो तुहा भोंगा, झाक वो थोबाड. लय भला मानूस. झोक्याचंबी त्याईनंच सुचवलं, मले नाई, जावेले सांगतलं, तिनं मले. रस्त्यासाठी दोन्हीकडचे झाडं पाडले होते, टायर फुटून ट्रॅक्टर-ट्राली उभी होती, सावली म्हनजे तेवढीच. बापानं देलेल्या जुन्या जाळ्याचा झोका केला आन बांधला ट्रालीच्या खाली.

त्या दिवशी नवरा बजाराले गेला होता. आमी डबे सोडले, आन ते जंगलवाले झाडीतून निघाले. एक जन पळाला, त्याच्या पायावर गोळी मारली. त्याईत एक पोरगी होती, माह्याहून लहान, वेनी घातलेली, पन हुकूम तिचाच चाले समद्याईवर. म्हने, मेट कोनता? कोनी नाई बोललं. म्हने, आमाले खबर आहे, मेट ढिवर आहे, त्याची भावसून, लहान्या भावाची बायको, इथीच कामाले आहे. मंग एका म्हाताऱ्याले हानलं, दात पडले त्याचे, तोंडातून रगत, तरी म्हने मले नाई मालूम माय. भासरे मधात बसले होते, बनियनवर, मातीनं भरलेले, आमच्यासारखेच.

मंग ते डिझल, आन माहं बोंबलनं. पोरगी म्हने, मेट दाखव, लेकरू घे. मी म्हनलं, मले नाई मालूम वो, तुह्या पाया पडतो. पोट्ट्यानं काडी पेटवली. तवा भासऱ्यानं मुंडकं वर केलं, माह्याकडं पाह्यलं, आन म्हने, पोराले तं काढू द्या ना बापा.

आन माहा हात. मी काई नाई बोलली बाई, माहा डावा हात आपोआप गेला आन पदर ओढला, पार नाकापर्यंत. डिझलचा वास, लेकरू रडून राह्यलं, खांदा मोडला, आन मी पदर घेऊन राह्यली.

तिनं पाह्यलं. गड्याईले काई समजलं नसतं, पन तेबी बाईच ना, कोन्या गावचीच. जवळ आली, बंदुकीच्या नळीनं पदर वर केला माहा, हळूच म्हने, हा कोन होय तुहा? भासरा होय?

मी त्या काडीकडं पाह्यलं. हो म्हनलं. भासरे माह्याकडं पाहत असताना जिंदगीत बोललेला माहा पहिला शब्द तो.

झोका तोडूनच पळाली मी, पोरगा जाळ्यासकट छातीले. मांगं ट्राली भडकली. भासऱ्याले झाडीकडं ओढत नेलं, झाडाले बांधलं, काठ्याईनं हात मोडले, पाय मोडले, समद्याईले म्हने पाहा. मी नाई पाह्यलं, पोराच्या पोटात तोंड खुपसलं, पन आवाज तं येतेच ना. एकदा ते खाकरले. रगत आलं असन घशात, पन मले वाटलं मलेच सांगून राह्यले, पदर घे. मंग गोळी.

दुसऱ्या दिशी पोलिस आले, नवऱ्याले नेलं, उलटा टांगला, म्हने तुही बायको काऊन सोडली त्याईनं, तुमीच खबर देली. वापस आला तं तळपाय फाटलेले, भितीले धरून चाले.

आता रस्ता झाला. काळा, डांबराचा. यष्टी येते. बांबूचे ट्रक जाते भरून. पोराले ताप चढला तं यष्टीनंच नेला गडचिरोलीले, वाचला. यष्टी दिसली की टाळ्या वाजवते. ते जळकी ट्राली अजून कडेलेच आहे, तिच्यात बकऱ्या बसते.

जाऊ आन मी एकाच घरात, चूलबी एक. पोराले तेच खाऊ घालते, तेच झोपवते, माह्याकडं पाहत नाई. परवा भात वाढता वाढता म्हने, तू पदर नसता घेतला तं? मी म्हनलं, बाई, पोरगा जळला असता. मंग म्हने, आन तू हो नसतं म्हनलं तं? मी ताट सरकवलं आन चुलीतलं लाकूड मांगं ओढलं.

कोनी खाकरलं की अजून डावा हात डोक्यावर जाते माहा. तुमी शिकलेल्या, तुमालेबी लेकरं आहेत. काडी पेटलेली आहे, लेकरू झोक्यात आहे, आन समोर तो मानूस, ज्यानं तुमच्याच लेकरासाठी मुंडकं वर केलं. सांगा ना बाई, तुमी काय केलं असतं?