चौथाई चित्र

— चार डीव्हीड्या का? अरे, एकीवर बसत नाहीत म्हणून. बस तू, तीन झाल्या, चौथी आत फिरतेय, होईल पंधरा-वीस मिनिटांत. चहा घे. बॅगेत जागा आहे ना? भाजणीचं पाकीट जरा मोठं झालंय, पण आमच्या प्रणिताला तिकडे अमेरिकेत बाकी सगळं मिळतं, भाजणी नाही मिळत — म्हणजे मिळते, तिला आवडत नाही. खाली गार्डने अडवलं का? त्याला म्हणायचं, शशिकांतजी के यहाँ, टॉवर सी. नवीन आहे तो. इथे नेहमी नवीनच असतो. आणि तुला तू म्हटलं तर चालेल ना, साकेत? प्रणिताच्या ऑफिसातला म्हणजे तिच्याच वयाचा असशील. फ्लाइट उद्या ना? — आज रात्रीची? अच्छा. होईल, होईल. नोएडाहून एअरपोर्ट आता पूल झाल्यापासून काही लांब नाही.

तर जागा. कॅमेऱ्याच्या टेपा चार, एकेक तासाची. कॉम्प्युटरवर उतरवल्या तर एका तासाचे तेरा जीबी होतात. चार तासांचे बावन्न. आणि डीव्हीडीवर मावतात साडेचार. लिहिलेले असतात चार पॉइंट सात, पण तेवढे मिळत नाहीत — बिल्डरच्या फ्लॅटसारखं आहे ते, कागदावर एक आणि आत शिरलं की एक. मग दाबावं लागतं. आता दाबायचं म्हणजे काय? मलाही माहीत नव्हतं. सेक्रेटेरिएटात अख्खी नोकरी केली मी, कॉम्प्युटर आला तेव्हा रिटायरमेंटला आलो होतो. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून इकडे आल्यावर शिकलो हे सगळं. म्हणजे खरं तर बायको, अलकनंदा, गेल्यावर. वेळ असतो. तर ते असं करतं — एक चित्र पूर्ण ठेवतं, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहून ठेवतं. बाकी सगळं तसंच, असं आपण फोनवर सांगतो ना, तसं. आणि बदल फार बारीक असला तर म्हणतं, जाऊ दे, बदल नाही असं धरू. कुणाला दिसणार आहे? खरंच नाही दिसत. लग्नाची टेप वगैरे असली तर अजिबात नाही.

ही लग्नाची नाही. तुला प्रणिताने सांगितलं असेल — आईचं रेकॉर्डिंग आणायचंय. अलकनंदाला जानेवारीत स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पलंगावर पडून, डोळे उघडे, बस. आपलं बोलणं कळतंय की नाही तेच कळेना. इथले डॉक्टर म्हणाले, फारशी आशा धरू नका. प्रणिताच्या ओळखीचे तिकडे एक आहेत, मेंदूचेच डॉक्टर. ते म्हणाले, टेप करून पाठवा, पण न कापता, तासन्‌तास, अशा पेशंटचा प्रतिसाद कधीही येतो, उशिरा येतो. म्हणून चार तास. कॅमेरा स्टँडवर लावला, सगळा पलंग दिसला पाहिजे असा. त्यामुळे चेहरा एवढाच आला, पडद्यावर, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

मग मार्केटमधल्या दुकानात दिल्या टेपा. तो म्हणाला, अंकल, चारों घंटे एक ही में डाल देता हूँ, कोई दिक्कत नहीं, अमेरिकेत चालेल असं फॉरमॅटही करून देतो. आणि दिलंही. चाललीही तिकडे. मी म्हटलं चलो, काम झालं. त्याने काय केलं होतं, ते आत्ता कळलं मला. चार तास एकीवर बसवायचे म्हणून त्याने चित्र आधी लहान केलं — रुंदी अर्धी, उंची अर्धी, म्हणजे चौथाई राहिलं — आणि खोलीत उजेड कमी, तर चित्रात दाणे-दाणे दिसू नयेत म्हणून वर थोडं पुसून घेतलं. मग दाबलं. त्याची काही चूक नाही. लोकांना हेच हवं असतं. आवाज मात्र स्वच्छ आला होता. आवाजाला जागा लागत नाही फारशी.

तिकडच्या डॉक्टरांनी पाहिली सगळी. भला माणूस, चार तास बसून पाहिली त्याने. म्हणाला, मला कुठे प्रतिसाद दिसत नाही. झालं. प्रणिताचं जूनचं तिकीट होतं, तिने ते रद्द केलं, म्हणाली दिवाळीला जास्त दिवस येते. फिजिओथेरपीवाली यायची, तिला मी नको म्हटलं. ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला आणि गेली. प्रणिता दहाव्याला पोचली. त्याच पलंगावर झोपायची. जाताना मला म्हणाली, बाबा, एक बरं झालं, आईला काही कळत नव्हतं. त्रास झाला नाही तिला. असं म्हणाली आणि पहिल्यांदा नीट जेवली. हां — तुझ्याबरोबर ऑफिसात ठीक असते ना ती? हसते वगैरे? बरं. बरं.

बिस्किट घे. — मग मागच्या महिन्यात तिचा फोन, बाबा, आईचं शेवटचं तेवढंच आहे माझ्याकडे, आणि ते फार पुसट आहे, तू परत करून पाठव ना चांगलं. म्हणून नेहरू प्लेसहून हा डीव्हीडी लिहिणारा बर्नर आणला. एकेका डीव्हीडीवर एकच तास, चित्र पूर्ण, लागेल तेवढंच दाबून. पाहत बसलो, बरोबर येतंय की नाही ते. तिसऱ्या टेपेत फोन आहे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं, मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या उशीशी धरलाय आणि प्रणिता बोलतेय, आई, मी प्रणिता, ऐकू येतंय का, येत असलं तर दोनदा डोळे मीट. परत परत म्हणतेय. काही नाही. मग म्हणते, जाऊ दे बाबा. मग आम्ही दोघं बोलतोय, फोन तिथेच. आणि तेव्हा मिटले तिने. एकदा. उघडले. मग परत एकदा.

नाही, मलाही आधी वाटलं, सगळेच मिटतात डोळे, पापण्या लवतातच. पण हे तसं नाही. हे हळू आहे. जोर लावून. आणि डाव्या हाताचा अंगठा, चांगला तो हात, चादरीवर असा — असा दाबलेला. दोन्ही वेळेला. मी दुकानवाल्याने केलेलीची माझ्याकडची कॉपी काढून तीच जागा लावली. तिथे काही नाही. पापणी म्हणजे दोन ठिपके, ते शेजारच्या ठिपक्यांत मिसळून गेलेत. अंगठा तर चादरच झालाय. बदल नाही. मग मी तोच तुकडा घेऊन बसलो, थोडा दाबून पाहिला, मग आणखी थोडा, कितीवर ती डोळे मिटते आणि कितीवर मिटत नाही. तशी बऱ्यापैकी दाबली तरी मिटते, बरं का. दोन तास एकीवर घातले असते ना, तरी दिसलं असतं. दोनच डीव्हीड्या लागल्या असत्या.

रडलो वगैरे नाही मी. तुला वाटत असेल. काहीच झालं नाही. चहा ठेवला, दूध उतू गेलं, ओटा पुसला. पुसता पुसता वाटलं, आता काही तरी वाटेल. नाही वाटलं. अजून नाही.

काय बोलत होतो? — फोनवर? काही नाही, तिकिटाचं. ती विचारत होती, बाबा, जूनमध्ये येऊ ना मग? आणि मी म्हणतोय — स्वच्छ येतं ते, दोन्हींवर येतं, प्रणिताकडच्या जुन्या डीव्हीडीवरही आहे — मी म्हणतोय, अगं, तिला काही कळत नाही, तू आलीस काय, न आलीस काय, उगाच सुट्टी कशाला घालवतेस. उशीपासून एवढ्यावर. त्याच्यानंतर मिटले तिने डोळे, ते दोनदा. दुसऱ्यांदा मिटले ते टेप संपेपर्यंत उघडलेच नाहीत. झोपली असेल. दुपारची वेळ होती, झोपलीच असेल ना?

आली बघ बाहेर. गरम असते, थांब, कडेने धरायची. याच्यावर चार लिहितो — हां. आता तुला काय सांगत होतो मी... हे सगळं तुला सांगायचं नव्हतं, साकेत. तू डीव्हीड्या न्यायला आलास. महिनाभर कुणाशी बोललो नाही ना, तर सुरू झालं की थांबत नाही.

— द्याव्यात म्हणतोस? तिचा हक्क आहे. बिल्कुल आहे. आणि मग पाहील ती तिकडे एकटी, आपल्याच आवाजावर आईने डोळे मिटलेले, आणि वर माझा आवाज. तू असशील का तिथे? ऑफिसात पलीकडच्या टेबलाशी असशील. मी इथे. आत्ता ती जेवते, हसते म्हणालास.

नको. डीव्हीड्यांची डबी परत दे. दे ना — हां. तू भाजणी घेऊन जा, आणि हा अलकनंदाचा फोटो आहे, लोधी गार्डनमधला, हा दे तिला. तिने विचारलं तर सांग, बाबांचं मशीन बिघडलं, टेपा जुन्या झाल्या, यापेक्षा चांगलं येत नाही म्हणाले. एवढंच सांग. बाकी काही नाही. सांगशील ना?

साकेत?

मान का हलवतोस?

... बरं. खोटं सांगवत नसेल तर राहू दे. नीघ तू, इंटरनॅशनलला तीन तास आधी लागतं. आणि खाली उतरलास की लिफ्टचं दार ओढून नीट लाव, नाहीतर वरच्यांना मिळत नाही ती.