रोज नवी बाग

हॅलो? … कोण? … आत्याबाई व्हय! बोला की. … मोठ्यानं बोला, इथं कढईत तूप कडकडतंय, काय ऐकूच येईना… ज्ञानू, गॅस बारीक कर गं जरा, आजीचा फोन हाय पुण्यास्नं. … हां, बोला आता.

आज कुठल्या बागेत सोडलं आमच्या जाऊबाईनं, सुकन्यानं? … नाव न्हाई माहीत? … आवो, पाटी आसंल की दारावर… हां, तुमाला वाचता कुठं येतं. … पाण्यात मासे हायत? तांबडे? … बघा! म्हंजे सोमवारी सारसबाग, काल ती एम्प्रेस, आन आज मासेवाली. आमचं लगीन होऊन सव्वीस वरसं झाली, आमी देवळाली प्रवरेत काय बघितलं? ऊस. इकडं ऊस, तिकडं ऊस. तुमची मजा हाय बाई.

…

कटाळा कसला येतोय बागेत? लोकं गाड्या करून येत्यात बघायला. काल एम्प्रेसला झाडं बघितली का, त्ये सांगा. … चौघांच्या कवेत मावायची न्हाईत? … बघा! नशीब लागतं आसलं बघायला.

… व्हय, पर रोज नवी का, म्हंजे? एकाच बागेत रोज बसलं की फिरायला येनाऱ्या बाया विचारत्यात, आजी कुनाच्या, घरी कोन नसतं का, डबा का खाताय हितं. सोमवारीच एकीनं सुकन्याला गाठलं म्हनं गेटवर. मग तिनं बदलल्या बागा. हुशार हाय हां आपली सुकन्या. लई डोकं चालतं तिचं.

आवो, त्ये दोघंबी कामाला जानार, फ्लॅटला कुलूप. तुमाला आत कोंडून ठिवायचं का? मागच्या टायमाला नळ चालू ठिवला हुता तुमी. … एकदाच, पर खालच्यांच्या भिताडाला पानी उतरलं ना.

…

न्हाई. … न्हाई हो आत्याबाई, आत्ता कसं येता? … ऐका. … आधी ऐका तर. वाटन्या झाल्या तवा चार लोकात काय ठरलं? मार्गशीर्ष ते वैशाख कल्यानभावजींकडं, ज्येष्ठ ते कार्तिक आमच्याकडं. बरुबर? … मग वैशाख संपला. व्हय, संपला. पर हा ज्येष्ठ न्हाई ना लागला. हा अधिक हाय. आमचा निज ज्येष्ठ. तो पुढच्या महिन्यात.

… त्यो मोकळा महिना. कुनाच्याच वाटनीत न्हाई. त्याला मी काय करू?

सुकन्या काय म्हनती? … "माझा वैशाख भरला." म्हननारच की. तिचं काय चुकलं? तरी रात्री झोपायला जागा देतीय, सकाळी गाडीवरनं सोडतीय, संध्याकाळी नेतीय. दुसरी आसती तर न्हेलंच नसतं.

आन मराठी महिनं कुनी धरायला लावलं? आठवा. तुमचे भाऊ म्हनत हुते जानेवारी ते जून धरा. तुमीच म्हनला, मला इंग्रजी महिनं कळत न्हाईत, आपलं चैत्र-वैशाख बरं. सगळ्यांसमोर म्हनला. आता अधिक आला की आमच्या नावानं रडायचं!

…

घरात जागा कुठाय? धोंड्याला जावई आलेत. व्हय, पार्थराव. त्यांची आईबी आलीय. ज्ञानू उद्या माझी ओटी भरनार हाय, तेहतीस अनारसं करायचीत, पुरन शिजतंय… सगळा पसारा. … तुमची खाट? ती जावयांना दिली. … गादी उन्हात टाकली चार दिस, तरी वास जाईना. शेवटी टाकून दिली. … रडू नका. रडायला काय झालं? गादीच हुती.

ओसरीवर? … ओसरीवर कसं झोपता? जावयाची आई काय म्हनंल? तिच्यासमोर माझी लाज काढायची हाय का तुमाला?

… ह्ये? न्हाईत घरात. राहुरीला गेलेत. … संध्याकाळी येतील. … कोन खोकलं? जावई खोकलं. … आवो जावईच. तुमी पुन्यात बसून लेकाचा खोकला वळखता व्हय!

… बरं, आता जेवलात का? … डबा आतच राह्यला? म्हंजे? … गेट लावलं? … आकरा ते चार बाग बंद आसती? मग तुमाला बाहेर काढलं तर डबा घ्यायचा ना संगं. … आता कुठं बसलाय? … फुटपाथवर? … झाड बघा एखादं. … सावली फिरली तर तुमीबी सरका. आवो, चारला उघडंल की परत, किती राह्यलंय, तीनच तास.

सुकन्या उचलनार न्हाई. डुटीवर फोन घेऊ देत न्हाईत तिला. … कल्यानभावजीबी न्हाई उचलत? कामात आसतील.

घेरी येतीय म्हंजे? … गरगरतंय? … उन्हानं हुतं तसं. पानी प्या. … कोन बाई? … तिनं पाजलं? बरं झालं. … न्हाई, फोन कशाला देताय तिला? … आत्याबाई, देऊ नका. ऐका माझं. आवो आत्याबाई, फोन देऊ—

…

हॅलो? … कोण बोलतंय? … नाही हो ताई, तुम्हाला राँग नंबर लागलाय. … छबूबाई? कोण छबूबाई? … मी नाही ओळखत. … आता बोलत होत्या, ते खरंय, पण म्हातारं माणूस, बडबडत होत्या, मी आपलं ऐकून घेतलं. तोडायला बरं नाही वाटत.

… पडल्या? … मग दवाखान्यात न्या ना. … मी कसं सांगणार घरचं कोण आहे ते? पोलिसांना कळवा. … अहो, मी कुणीच नाही त्यांची. किती वेळा सांगू?

काय म्हणाल्या? … मला? … माझी लेक हाय, असं म्हणाल्या?

छे हो ताई! त्यांना लेक नाहीच मुळी. दोन्ही मुलगेच.

…

…

मला… मला कसं माहीत म्हणजे? …

हॅलो? … आवाज येत नाही हो तुमचा. … रेंज नाही इकडं आमच्याकडं. … ठेवते.